लाडक्या मांजराची आवडनिवड

माणसानें पाळलेल्या सर्व प्राण्यांत, आपल्या यजमानाला जेवणाच्या वेळीं ताटकळत ठेवण्याचा मान एकट्या मांजरानेंच मिळविला आहे. गाय पुढें टाकलेली वैरण मुकाट्यानें खाते; बैलाला कडब्याबरोबर मूठभर पेंड मिळाली तर तो संतुष्ट होतो; कुत्रा तर भाकरीचा तुकडा जमिनीवर पडण्यापूर्वींच झेलतो आणि तो कसला होता याचा विचार मागाहून करतो. मांजराची रीत निराळी. तें सावकाश बशीपर्यंत येतें, नाक पुढें करून वास घेतें, मग घरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहतें आणि बशीशेजारची फरशी पंजानें अशी खरवडतें, कीं जणूं समोरचा पदार्थ मातीआड करण्याच्याच लायकीचा आहे. एवढें करून तें शेपूट उभारून निघून जातें. घरांत मात्र धांदल उडते. काल हीच मासळी आवडीनें खाल्ली, मग आज काय बिघडलें? कोणी दूध कोंबट करून आणतें, कोणी नवा डबा उघडतें, कोणी मांडीवर घेऊन बोटानें भरवूं पाहतें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं मांजर आहे, त्यांना हा देखावा नवा नाहीं.

या वर्तनाचा निवाडा घरोघर दोन शब्दांत होतो. ज्यांना मांजर आवडत नाहीं ते म्हणतात, ‘जातच मिजासखोर!’ ज्यांना आवडतें ते कौतुकानें म्हणतात, ‘आमच्या मनीला साधेंसुधें चालत नाहीं.’ दोघांच्या बोलण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही, कीं मांजर अन्न नाकारतें तें केवळ मर्जीखातर. हा समज चुकीचा तर आहेच, पण प्रसंगीं तो मांजराच्या जिवावर बेततो. मांजराच्या चोखंदळपणाचे उगम तीन आहेत. एक त्याचा देहधर्म, दुसरा घराची शिकवण आणि तिसरा आजार. तिन्हींचें बाह्य रूप एकच : भरलेली बशी आणि पाठ फिरविलेलें मांजर. परंतु उपाय तिन्हींचे वेगवेगळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर अपाय होतो.

मांजराच्या जिभेचे चोचले पुरविण्याची हौस आजकालची नव्हे. इंग्रजी भाषेचा कोश रचून तो १७५५ सालीं प्रसिद्ध करणारा डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन हा लंडनमधील मोठ्या दराऱ्याचा पंडित. त्याच्या घरीं हॉज नांवाचा बोका होता. जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल याला मांजरांचा स्वभावतःच तिटकारा. तरीहि १७९१ सालीं निघालेल्या चरित्रांत त्यानें हॉजची हकीकत इमानानें नोंदली आहे. हॉजसाठीं कालवें आणावयाला जॉन्सन स्वतः बाहेर पडत असे. नोकराला हें काम सांगितलें तर मांजरापायीं पडलेल्या हेलपाट्यांचा राग तो त्या मुक्या जीवावर काढील, अशी त्याला भीति वाटे. त्या काळच्या लंडनांत कालवें हें श्रीमंती खाणें नव्हतें. गोरगरीबहि तीं खात. तेव्हां हॉजच्या लाडांत पैशाचा डौल नव्हता, जिव्हाळा होता. गफ स्क्वेअरमध्यें, जॉन्सनच्या जुन्या घरासमोर, १९९७ सालीं हॉजचा पुतळा बसविण्यांत आला. त्यांत तो कोशावर ऐटींत बसलेला असून त्याच्याजवळ कालवांच्या रिकाम्या शिंपा पडलेल्या आहेत.

लाडांनीं मांजराच्या पोटाचा हिशेब बिघडतो, ही तक्रार सरकारदरबारींहि पोंचलेली आहे. ब्रिटिश गृहखात्याच्या लंडनमधील कचेरींत उंदीर मारण्यासाठीं पीटर नांवाचा काळा बोका ठेवलेला होता. कचेरींतील मंडळी येतांजातां त्याला आपल्या खाण्यांतले घांस देत, आणि तृप्त झालेला पीटर आपलें काम विसरे. तेव्हां त्याला कोणी खाऊं घालूं नये, असें ठरलें. मग त्याच्या नियमित जेवणाची सोय कोणी करावी, हा प्रश्न निघाला. आणि १९२९ सालच्या जून महिन्यांत किरकोळ खर्चाच्या पेटींतून मांजराच्या पोषणासाठीं रोज एक पेनी खर्चण्याला रीतसर मंजुरी मिळाली. हे कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जपून ठेवलेले आहेत. हकीकत हंसण्यासारखी खरी. पण तिच्यांत एक व्यवहारी धडा आहे. मांजर जेवत नाहीं अशी तक्रार करण्यापूर्वीं तें दिवसभर कोणाकोणाकडे जेवतें, याचा शोध घ्यावा. वाड्यांत चार बिऱ्हाडें असलीं तर एकाच मांजराला चार नांवें असतात. जोशांकडे तें मनी असतें, खालच्या मजल्यावर चिंगी असतें, आणि चारी स्वयंपाकघरांतून ‘बिचारी उपाशीच दिसते’ असें म्हणत तिच्यापुढें कांहींना कांहीं ठेवलेलें असतें. अशा मांजरानें पांचवी बशी नाकारली तर तो चोखंदळपणा नव्हे. तें शहाणपण होय.

आतां देहधर्माचा विचार. घरगुती मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांतील रानमांजरें, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांत दिसून आलें. माणूस शेती करूं लागला, धान्याचीं कोठारें भरूं लागलीं, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाच्या सांगाड्याजवळच मांजराचा सांगाडा सांपडला. हा शोध २००४ सालीं जाहीर झाला. सहवास इतका पुरातन. पण मांजराच्या पोटानें माणसाचें अन्न कधींच मनापासून पत्करलें नाहीं. कुत्र्यानें माणसाच्या उष्ट्यावर वाढतां वाढतां पिठूळ अन्न पचविण्याची शक्ति कमावली. मांजर माणसाच्या चुलीपाशीं येऊन बसलें, परंतु आंतून शिकारीच राहिलें.

शिकारीहि लहान जनावरांची. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाकाठीं सुमारें २०० कॅलरी अन्न लागतें, आणि एका लहानशा उंदरापासून ३० च्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे मांजराचें निसर्गानें ठरविलेलें जेवण हें एका बैठकीचें नाहीं. दिवसरात्रींत विखुरलेले घांस-दोन घांस असें त्याचें स्वरूप आहे. कोरडे दाणे समोर उघडे ठेवले, तर पुष्कळ मांजरें चोवीस तासांत दहा ते वीस वेळां येऊन थोडथोडें खातात. माणूस मात्र आपल्या दोन वेळच्या ताटाचा नियम त्यांना लावतो. बशींत अर्धें अन्न उरलें कीं त्याला वाटतें, आवडलें नाहीं. वास्तविक मांजराचा एक ‘उंदीर’ खाऊन झालेला असतो. दुसऱ्यासाठीं तें दोन तासांनीं परत येणार असतें. जमीन खरवडण्याची क्रियाहि अपमानाची खूण नव्हे. उरलेल्या शिकारीवर माती लोटून ती झांकावी, ही रानांतील मार्जारांची रीत आहे. फरशीवर माती नसते, एवढाच काय तो फरक.

जिभेची गोष्ट त्याहूनहि नवलाची. मांजराला गोड चव कळतच नाहीं. जिभेवर गोडाची जाणीव करून देणारा जो ग्राहक असतो, तो दोन जनुकांच्या साह्यानें घडतो. त्यांपैकीं एक जनुक मांजरांत निकामी झालेलें आहे. फिलाडेल्फिया येथील मॉनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं हें २००५ सालीं दाखवून दिलें, आणि वाघ व चित्ता यांच्यांतहि त्यांना तीच स्थिति आढळली. तेव्हां बासुंदीच्या पातेल्याभोंवतीं घुटमळणारी मनी साखरेसाठीं आलेली नसते. ती साईसाठीं आलेली असते. याउलट मांसाचा रुचकरपणा ओळखणारे ग्राहक मांजराच्या जिभेवर शाबूत आहेत. २०२३ सालीं इंग्लंडमधील वॉल्थॅम येथील संशोधकांनीं असें दाखविलें, कीं ट्यूना माशांत जीं द्रव्यें एकत्र आढळतात त्यांच्या मेळाला हे ग्राहक विशेष उत्सुकतेनें प्रतिसाद देतात. कोंकणकिनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात तो हाच मासा. कुप्याच्या तुकड्यासाठीं मांजर ओट्यावर उडी घेतें, त्याचें कारण हें असें त्याच्या जिभेच्या घडणींतच आहे. कडू चवहि त्याला चांगली कळते. म्हणून औषधाची गोळी माशांत कितीहि लपविली तरी मासा संपतो आणि गोळी बशींत शिल्लक राहते.

तरीहि एकंदरींत मांजराच्या जिभेचें भांडवल अल्पच. माणसाच्या तोंडांत रुचिकलिका हजारोंनीं मोजतात. मांजराच्या जिभेवर त्या पांचशेंच्या आसपास असतात. ही उणीव नाक भरून काढतें. ज्याला वास नाहीं तें मांजराच्या दृष्टीनें अन्नच नव्हे. नुकताच मारलेला उंदीर अंगच्या उष्णतेनें कोमट असतो, त्याला वास असतो. शीतपेटींतून काढून तसाच पुढें ठेवलेला मासा थंडगार आणि निर्गंध असतो. तो कालचाच मासा आहे, हें माणसाला ठाऊक असतें, मांजराला नव्हे. तोच तुकडा अंगाइतका, म्हणजे ३७-३८ अंश, कोमट केला तर पुष्कळ वेळां रुसवा तेथेंच संपतो.

मांजराच्या आवडीनिवडीमागें देहाचें शहाणपण किती आहे, याची एक परीक्षा २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मांजरांपुढें निरनिराळ्या घडणीचे पदार्थ ठेवून त्यांना मनास येईल तसें निवडूं दिलें. तेव्हां मांजरांनीं आपल्या अन्नाची सांगड अशी घातली, कीं निम्म्याहून थोडी अधिक शक्ति प्रथिनांतून, सुमारें ३६ टक्के चरबींतून आणि उरलेली सुमारें १२ टक्केच पिठूळ पदार्थांतून मिळावी. पिठूळ पदार्थ एका मर्यादेपलीकडे घ्यावयाला तीं तयार होईनात. कोणा वैद्यानें त्यांना पथ्य सांगितलें नव्हतें. त्यांच्या देहानेंच तें सांगितलें.

आपल्याकडील दूधभाताचा प्रश्न येथेंच उभा राहतो. मांजर म्हटलें कीं दूधभात, असें समीकरण महाराष्ट्रांतील घरांत, विशेषतः शाकाहारी घरांत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. ‘आमच्या आजीच्या वेळचें मांजर दूधभातावर पंधरा वर्षें जगलें,’ असा दाखला दिला जातो. दाखला खोटा नसतो, अपुरा असतो. आजीच्या वेळचें मांजर माजघरांत करवंटींतला दूधभात खाई, आणि मग माळ्यावर, अडगळींत, गोठ्यांत, परसांत फिरून उंदीर, पाली, चिमण्या यांवर आपलें खरें जेवण उरकी. दूधभात हें त्याचें तोंडीलावणें होतें. आज शहरांत पांचव्या मजल्यावरच्या बंद घरांत राहणाऱ्या मांजराला ना माळा, ना परस, ना उंदीर. त्याच्यापुढें ठेवलेला दूधभात हेंच त्याचें सर्वस्व असतें. तें अशा ताटावरून उठून गेलें तर त्याला मिजासखोर म्हणणें अन्यायाचें आहे.

या अन्यायाची किंमत केवढी, हें शास्त्रानें दाखवून दिलें आहे. मांजराला टॉरिन नांवाचें एक द्रव्य अन्नांतूनच मिळावें लागतें. तें पुरेसें तयार करण्याची शक्ति त्याच्या देहांत नाहीं. टॉरिन मांसांत व मासळींत असतें. भातांत, पोळींत, डाळींत तें नसतें, आणि गाईच्या दुधांत नांवापुरतेंच असतें. १९७५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें, कीं टॉरिनवांचून मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजत जातो व शेवटीं त्याला अंधत्व येतें. पुढें १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील पशुवैद्यांनीं त्याहून गंभीर गोष्ट उघडकीस आणली. टॉरिन कमी पडलें कीं मांजराचें हृदय सैल पडून दुबळें होतें. आणि वेळींच टॉरिन दिलें तर तें पुष्कळ अंशीं पूर्ववत् होतें. हीं मांजरें कांहीं उपाशी ठेवलेलीं नव्हतीं. बाजारांतलें तयार अन्न खाऊन वाढलेल्या घरगुती मांजरांतच हा रोग दिसला होता. त्यानंतर अन्न बनविणाऱ्यांनीं त्यांतील टॉरिनचें प्रमाण वाढविलें. गाजर-भोपळ्यांतील द्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करण्याचें काम माणसाचें शरीर करतें. मांजराला तेंहि साधत नाहीं. आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूधहि पचत नाहीं. तें आवडीनें पितात आणि मग त्यांना ढाळ लागते. जॉन्सनला यांतलें कांहींच ठाऊक असण्याचें कारण नव्हतें; पण त्यानें आणलेलीं कालवें टॉरिननें समृद्ध होतीं. हॉजची निवड हॉजच्या हिताची होती.

म्हणून एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें भाग आहे. मांजर पाळणें म्हणजे घरांत एक मांसाहारी जीव ठेवणें होय. ज्या घराला मांस-मासळी वर्ज्य आहे, त्यानें हें आधींच मनाशीं ठरवावें, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें मांजरासाठींच तयार केलेलें पूर्ण अन्न आणावें. घराचा धर्म घरानें पाळावा. तो मांजरावर लादूं नये. मांसाहारी घरांतहि सारें आलबेल असतें असें नाहीं. कालवणांत कांदा व लसूण असतो, आणि या दोहोंनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. कांहीं जातींच्या कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारें द्रव्य असतें. शिजवलेला काटा घशांत रुततो. मासळी द्यावयाची ती बिनमसाल्याची, शिजवून, काटे काढून द्यावी. आणि नुसत्या मासळीवरहि मांजराला ठेवूं नये.

येथवर मांजराची बाजू झाली. पण सारा चोखंदळपणा निसर्गाच्या पदरीं घालतां येत नाहीं. त्यांतला मोठा वांटा शिकवणीचा आहे. पहिली शिकवण आईची. १९७८ सालीं वांडा वायरविका या संशोधिकेनें एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरींना केळें खाण्याची संवय लावण्यांत आली, आणि मग त्यांचीं दूध तोडण्याच्या वयाचीं पिलें त्यांच्याबरोबर ठेवलीं. पिलांसमोर मांसाचें अन्नहि होतें. पण आई केळें खाते हें पाहून पिलेंहि केळें खाऊं लागलीं. ज्या जातीला गोड कळत नाहीं, तिच्या पिलांनीं आईच्या विश्वासावर केळें पत्करलें! अन्न कशाला म्हणावें, हा धडा पिलूं पहिल्या कांहीं आठवड्यांतच शिकतें. त्या काळांत एकाच चवीचें, एकाच आकाराचें अन्न मिळालें, तर पुढें दुसरें कांहीं पुढें आलें कीं तें बिचकतें. निरनिराळ्या प्रकारचें अन्न लहानपणीं चाखलेलें मांजर मोठेपणीं नव्याला इतकें घाबरत नाहीं. पुढें मूत्रपिंडाच्या विकारांत पथ्याचें अन्न देण्याची पाळी आली, म्हणजे या लहानपणच्या शिकवणीचें मोल कळून येतें.

दुसरी शिकवण घरची. मांजरानें एक पदार्थ नाकारला कीं पांच मिनिटांत दुसरा पुढें येतो, दुसरा नाकारला कीं तिसरा. आणि तिसरा पहिल्याहून सरस असतो. मांजर हिशेबाला पक्कें असतें. नकार दिला कीं बढती मिळते, हें त्याच्या ध्यानांत यावयाला चार दिवस पुरतात. मग तें भूक असतांहि वाट पाहूं लागतें. घर म्हणतें, मांजरानें घराला नाचविलें. खरें पाहतां घरानेंच त्याला ताल शिकविलेला असतो.

या कौतुकाचा व्यापारानेंहि चांगला उपयोग करून घेतला. १९६८ सालीं अमेरिकेंत शिकागोजवळच्या हिन्सडेल येथील निराश्रित जनावरांच्या आश्रमांत एक नारिंगी रंगाचा बोका होता. जनावरें शिकविणाऱ्या बॉब मार्टविक यानें त्याला तेथून आणलें, आणि पुढच्या वर्षापासून तो ‘मॉरिस’ या नांवानें मांजरांच्या डबाबंद अन्नाच्या जाहिरातींत झळकूं लागला. जगांतला सर्वांत चोखंदळ बोका, अशी त्याची प्रसिद्धि झाली. ज्याला आश्रमांत मिळेल तें खावें लागत होतें, तोच नाकें मुरडण्याबद्दल देशभर गाजला, यांतली गंमत विचार करण्यासारखी आहे. मांजराची नापसंती ही यजमानाच्या प्रेमाची परीक्षा आहे, अशी भावना अशा जाहिरातींनीं घरोघर रुजविली. कारखान्यांतून आजहि मांजरापुढें दोन वाडगे ठेवून तें कोणत्यांतलें अधिक खातें हें तोलून पाहतात, आणि कोरड्या दाण्यांवर मांसाच्या अर्काचा लेप देतात. त्यामुळें त्या दाण्यांची चटक लागलेल्या मांजराला घरची साधी उकडलेली कोंबडी बेचव वाटूं लागते.

यावर कांहीं कडक स्वभावाच्या मंडळींचा एक उपाय असतो : ‘दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल.’ कुत्र्याच्या बाबतींत हा उपाय कदाचित् निभावून जाईल; मांजराच्या बाबतींत तो घातक आहे. मांजर, त्यांतहि लठ्ठ मांजर, कांहीं दिवस जेवलें नाहीं कीं त्याच्या अंगावरची चरबी झपाट्यानें यकृताकडे धांव घेते. तें यकृत चरबीनें भरून निकामी होऊं लागतें, डोळे व हिरड्या पिंवळ्या पडतात, अन्नावरची वासना पार उडते, आणि मग समोर अमृत ठेवलें तरी मांजर खात नाहीं. हट्ट मोडावयाला निघालेलें घर मांजरच गमावून बसतें. लाडानें लठ्ठ केलेल्या मांजरालाच उपासाचा धोका सर्वांत अधिक, ही या गोष्टींतली विशेष दुःखाची बाजू आहे.

आणि मुळांत तो हट्ट होता कशावरून? दाढ किडून ठणकत असेल, हिरड्या सुजल्या असतील, सर्दीनें नाक चोंदून वास कळेनासा झाला असेल, मूत्रपिंडें थकून मळमळ सुटली असेल. मांजर वेदना दाखवीत नाहीं. तें नुसतें बशीपासून दूर होतें. आणखी एक खुबी अशी, कीं ज्या अन्नानंतर एकदां मळमळलें, तें अन्न मांजर पुढें कित्येक दिवस टाळतें. आजारी मांजरापुढें त्याचा आवडता मासा वारंवार सरकविला तर तोच त्याचा नावडता होऊन बसतो. हट्टी मांजर आणि आजारी मांजर यांत फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. हट्टी मांजर एक पदार्थ सोडतें, पण दुसऱ्यावर तुटून पडतें, खेळतें, अंग चाटून स्वच्छ ठेवतें. आजारी मांजर सर्वच पदार्थांना विटतें, कोपरा धरून बसतें, त्याचे केंस विस्कटलेले राहतात. पुरा एक दिवस व एक रात्र ज्या मांजरानें कांहींच तोंडांत घेतलें नाहीं, त्याला पशुवैद्याकडे न्यावें; लहान पिलाच्या बाबतींत तर इतकीहि वाट पाहूं नये.

निरोगी पण लाडावलेल्या मांजराला वळण लावतां येतें. मात्र तें सबुरीनें. जेवणाच्या वेळा ठरवाव्या, आणि दिवसाचें माप चार-पांच लहान वाट्यांत विभागावें. ओलें अन्न अर्ध्या तासानें उचलावें, कारण आपल्या हवेंत तें लवकर आंबतें. परंतु त्याच्या जागीं लगेच त्याहून चविष्ट कांहीं ठेवूं नये. पुढच्या वेळेला तेंच, ताजें आणि कोमट करून द्यावें. अन्न बदलावयाचें असेल तर जुन्यांत नवें चिमूट चिमूट मिसळून आठ-दहा दिवसांत पालट करावा. बशी रोज घांसावी, ती मलमूत्राच्या तबकापासून दूर, शांत जागीं असावी, आणि घरांत दोन मांजरें असलीं तर दोघांच्या जागा वेगळ्या असाव्या. कित्येकदां लाजाळू मांजर अन्नाला नव्हे, शेजारच्या दांडग्या बोक्याला नकार देत असतें. खच्चीकरण झालेल्या आणि घरांतच बसून असलेल्या मांजराला अन्न मुळांतच कमी लागतें, हेंहि ध्यानीं असावें. महिन्यांतून एकदां त्याचें वजन करावें. घरच्या माणसानें मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें उभें राहावें. वजाबाकी केली कीं झालें. वजन स्थिर असेल तर बशींत चार घांस उरल्याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. तें महिन्यामागून महिना घटत असेल, तर मात्र मांजर चवीनें खातें या समाधानावर राहूं नये.

मांजराचे लाड करूं नयेत, असा याचा अर्थ नाहीं. ज्यानें उंदरांपासून माणसाचें धान्य हजारों वर्षें राखलें, त्याला चार घांस आवडीचे मिळावे यांत वावगें कांहींच नाहीं. फक्त लाड कशाला म्हणावें, एवढें ठरविलें पाहिजे. बशी भरणें सोपें असतें. ती किती आणि केव्हां रिकामी झाली, हें पाहण्याला रोजचें लक्ष लागतें. ज्या घराला हें रोज ठाऊक असतें, त्या घरांतलें मांजर चोखंदळ असलें तरी कांहीं बिघडत नाहीं.